रानात जाऊन देवाशी बोलणारे यहुदी साधक

सह्यकडा

यहुदी धर्म म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोथीवर झुकलेली माणसं येतात. तालमूदची पानं, खाण्यापिण्याचे नियम, शनिवारची बंधनं. ते चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. याच परंपरेत एक प्रवाह असा आहे की जो साधकाला पोथीवरून उठवतो आणि गावाबाहेर रानात पाठवतो. गेली काही वर्षं मी त्याबद्दल मिळेल ते वाचतोय. मराठीत यावर फारसं काही सापडत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवात ब्रेस्लोवच्या रब्बी नाख्मनपासून करतो, कारण माझ्या मते या विषयाचा गाभा तिथेच आहे. जन्म १७७२, आजच्या युक्रेनमधल्या मेझिबोझ गावी. हसिदी या यहुदी भक्तिपंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव हे त्यांचे पणजोबा. हे बाल शेम तोवसुद्धा तरुणपणी कार्पेथियन डोंगरांत बायकोसोबत राहायचे, माती खणून विकायचे आणि उरलेला वेळ एकांतात घालवायचे, अशी परंपरा आहे. नाख्मन यांचं लग्न तेराव्या वर्षी झालं. सासुरवाडीच्या गावी राहत असताना ते घोडा घेऊन रानात जायचे आणि तासन्‌तास तिथेच असायचे. कधी छोटी होडी घेऊन एकटेच नदीच्या मध्यावर जायचे. होडी चालवता येत नव्हती. ती हेलकावे खाऊ लागली, आता बुडणार असं वाटलं, की तिथून देवाला हाक मारायचे. अशी हाक पुढे कोरड्या जमिनीवर उभं राहूनही मारता यावी, हा त्यामागचा हेतू.

त्यांनी शिष्यांना सांगितलेली मुख्य साधना म्हणजे हित्बोदेदुत. रोज तासभर एकट्यानं बाहेर जायचं आणि देवाशी मोठ्यानं बोलायचं. छापील प्रार्थना म्हणायच्या नाहीत. हिब्रूतही बोलायचं नाही, घरात जी भाषा बोलता त्या भाषेत बोलायचं. त्यांच्या लोकांसाठी ती यिद्दिश होती. काय वाटतं, काय चुकलं, कशाची भीती वाटते, मूल आजारी आहे, कर्ज झालंय, काहीही. जागा शक्यतो अशी निवडायची की जिथे दिवसासुद्धा कुणी फिरकत नाही, आणि वेळ रात्रीची उत्तम.

आता जे वाचून मी थांबलो ते सांगतो. नाख्मन म्हणतात, माणूस शेतात उभा राहून प्रार्थना करतो तेव्हा तिथलं सगळं गवत त्याच्या प्रार्थनेत शिरतं आणि तिला बळ देतं. दुसऱ्या एका प्रवचनात ते म्हणतात की प्रत्येक गवताचं स्वतःचं गाणं असतं, आणि मेंढपाळ ज्या कुरणात मेंढ्या चारतो त्या कुरणातल्या गवताच्या गाण्यांतूनच त्याची धून तयार होते. प्रत्येक कुरणाची धून वेगळी. गवत इथे पूज्य नाही. ते शेजारी उभं राहून प्रार्थना करणारं आहे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

हेच दोन-अडीचशे वर्षं आधी आजच्या उत्तर इस्राएलमधल्या गालील प्रांतातल्या ‘सफेद’ नावाच्या गावात दिसतं. सोळाव्या शतकात स्पेनमधून हाकलले गेलेले कितीतरी यहुदी तिथे येऊन राहिले. मोशे कोर्दोवेरो, योसेफ कारो, श्लोमो अल्काबेत्स आणि सगळ्यांत प्रभावी इसहाक लुरिया (१५३४ ते १५७२). शुक्रवारी सूर्य कलला की ही मंडळी पांढरे कपडे घालून गावाबाहेर शेतात जायची, शब्बाथ राणीच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाच्या, स्वागताला. अल्काबेत्स यांनी रचलेलं ‘लेखा दोदी’ आज जगभरातल्या सिनेगॉगमध्ये शुक्रवारी संध्याकाळी म्हणतात. शेवटच्या कडव्याला सगळे वळून दाराकडे तोंड करतात आणि किंचित झुकतात. शेतात जाणं बंद झालं, पण ते वळणं राहिलं आहे.

मला चर्चा हवी आहे ती या प्रश्नावर: यहुदी साधक निसर्गात जातो तेव्हा तो निसर्गाला पवित्र मानतो का? की तिथे आणखी काही घडतं? ज्यांना माहिती आहे, अनुभव आहे त्यांनी जरूर लिहा.

पाणकोंबडी

फारच वेगळा विषय. गवत प्रार्थनेत शिरतं हे वाचून पुढे जाववेना. वाचतेय, सविस्तर लिहा.

शून्यांश

चांगला धागा. तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वी अॅमस्टरडॅममधल्या एका यहुदी तरुणानं दिलं आहे. बारूख स्पिनोझा. देव आणि निसर्ग ही एकाच सत्याची दोन नावं, हे त्याचं म्हणणं. सृष्टीच्या बाहेर बसून कारभार पाहणारा वेगळा देव त्याला मान्य नव्हता. २७ जुलै १६५६ रोजी तिथल्या यहुदी समाजानं त्याला बहिष्कृत केलं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. भिंगं घासून पोट भरत राहिला, दुसऱ्या धर्मात गेला नाही.

१९२९ साली न्यूयॉर्कच्या एका रब्बींनी आइन्स्टाइनना तार करून विचारलं, तुम्ही देव मानता का? त्यांनी उत्तर पाठवलं की जो स्पिनोझाचा देव, सृष्टीच्या सुसंगतीतून प्रकट होणारा, तो मी मानतो; माणसांच्या नशिबाची उठाठेव करणारा मानत नाही. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि मला ही भूमिका आजही सर्वांत प्रामाणिक वाटते. नाख्मनसारखे लोक त्याच्या अगदी जवळ पोचतात आणि मग धर्मशास्त्राच्या धाकानं मागे फिरतात, असं माझं मत आहे.

सह्यकडा

@शून्यांश, स्पिनोझा या चर्चेत यायलाच हवा होता. पण नाख्मन मागे फिरतात हे मला पटत नाही. त्यांचा रस्ताच वेगळा आहे. स्पिनोझाच्या देवाशी बोलता येत नाही. तो समजून घेता येतो, त्यातून मनाला शांती मिळते, ती थोर गोष्ट आहे. नाख्मनना हाक मारायची आहे. ज्याला हाक मारायची तो समोर असावा लागतो, आणि गवत त्यावेळी आपल्या बाजूला उभं असतं.

याची मुळं फार जुनी आहेत. सीनाय डोंगर घ्या. धर्मशास्त्र मिळालं ती जागा म्हणजे यहुदी इतिहासातली सर्वांत मोठी घटना जिथे घडली ती जागा. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आधी ताकीद आहे की डोंगराला कुणी शिवायचं नाही, शिवेल तो मरेल. आणि लगेच पुढे आहे की शिंगाचा दीर्घ नाद झाला की लोकांनी डोंगरावर यावं. म्हणजे सोहळा संपला, आता चढा, गुरं चारा. तालमूदच्या तानीत प्रकरणात रब्बी योसे नेमका हाच दाखला देऊन म्हणतात की जागेमुळे माणसाला मोठेपण येत नाही, माणसामुळे जागेला येतं. सीनायवर देवाचं सान्निध्य होतं तोवर तो पवित्र, ते उठलं की इतर डोंगरांसारखा डोंगर. आज तो नक्की कुठला डोंगर हेही ठामपणे सांगता येत नाही, आणि यहुदी परंपरेनं तो शोधून तिथे यात्रा भरवली नाही. एवढ्या मोठ्या जागेचा असा हक्क सोडून देणं मला विलक्षण वाटतं.

दुसरा दाखला जळत्या झुडपाचा. मोशेला देव भेटला तो काटेरी झुडपात. मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या बायबल-भाष्यांत, विचारलं आहे, काटेरी झुडूपच का? उत्तर असं की देवाच्या सान्निध्यावाचून कुठलीच जागा रिकामी नाही, काटेरी झुडूपसुद्धा नाही, हे कळावं म्हणून. हे दोन्ही दाखले एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. कुठलीच जागा कायमची पवित्र नाही आणि कुठलीच जागा रिकामी नाही.

मृण्मयी_देशस्थ

पहिल्यापासून वाचताना ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ मनात घोळतंय. तुकोबाही भंडाऱ्यावर, भामचंद्रावर एकांतात जायचे, आणि देवाशी भांडायचेसुद्धा, तेही घरच्या भाषेत. नाख्मन यांची साधना वारकऱ्याला सांगितली तर त्याला काहीच नवल वाटणार नाही.

पण आपल्याकडे देवराया आहेत. तिथलं वाळलेलं लाकूडही उचलत नाहीत. वडाला सूत बांधतो, तुळशीला पाणी घालतो. यहुदी धर्मात झाडाला हात जोडणं चालतं का?

रानजाई

मृण्मयीताई, हात जोडणं अजिबात चालत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात वेदीशेजारी झाड लावायलाच मनाई आहे, कारण आजूबाजूच्या कनानी लोकांत अशेरा देवीची झाडं पुजली जायची. पुढे काही यहुदी राजांनी ती तोडून टाकली. हा या परंपरेचा कठोर भाग आहे आणि तो झाकून ठेवू नये.

आणि त्याच अनुवादात चारच अध्याय पुढे, २०:१९ ला, सांगितलंय की शहराला वेढा घालाल तेव्हा तिथली फळझाडं कुऱ्हाडीनं तोडू नका. युद्ध चालू असतानाचा नियम आहे हा. पुढे धर्मपंडितांनी यावरून ‘बाल ताश्खित’ नावाचं पूर्ण कलम उभं केलं. विनाकारण कुठलीच गोष्ट नासायची नाही. कपडा फाडणं, भांडं फोडणं, झरा बुजवणं, अन्न टाकणं, सगळं त्यात आलं. झाड पुजायचं नाही, पण झाडाला मारायचंही नाही.

मला मात्र सगळ्यात जवळचे वाटतात ते आशीर्वाद, म्हणजे बेराखोत. वीज दिसली की एक, गडगडाट ऐकला की दुसरा. समुद्र फार दिवसांनी पाहिला की वेगळा. इंद्रधनुष्य दिसलं की जलप्रलयानंतर देवानं दिलेल्या वचनाची आठवण करणारा आशीर्वाद म्हणायचा, पण त्याच्याकडे टक लावून पाहत राहायचं नाही. शुक्ल पक्षात एकदा घराबाहेर उघड्यावर येऊन चंद्राचा. निसान महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या चैत्राच्या आसपास, मोहरलेलं फळझाड दिसलं की वर्षातून एकदाच म्हणायचा आशीर्वाद आहे. आणि २८ वर्षांतून एकदा सूर्याचा. तो मागे ८ एप्रिल २००९ ला झाला, पुढचा ८ एप्रिल २०३७ ला. माझ्या मुलीला मी आतापासून सांगून ठेवलंय.

प्रत्येक आशीर्वाद देवाला उद्देशून आहे. झाडाकडे बघायचं आणि त्याच्या कर्त्याला दाद द्यायची.

आता अडचणीचं वचन. पिर्के आवोत या रब्बींच्या वचनसंग्रहाच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की जो वाटेनं धर्माध्ययन करत चाललाय आणि मध्येच थांबून म्हणतो ‘किती सुंदर हे झाड, किती सुंदर हे शेत’, त्यानं जणू स्वतःचा जीव गमावला. मला हे वचन कित्येक वर्षं खुपत होतं. पुष्कळ भाष्यकारांनी त्यावर डोकं चालवलं आहे. मला पटलेलं भाष्य असं: दोष झाडाला सुंदर म्हणण्यात नाही, ‘मध्येच थांबून’ म्हणण्यात आहे. झाड म्हणजे अध्ययनात आलेला खंड असं ज्याला वाटलं, त्यानं दोन्ही गमावलं. याउलट रामबाम म्हणजे मायमोनिडीस (११३८ ते १२०४) स्पष्टच लिहून गेलेत की देवाबद्दल प्रेम आणि भय कसं उपजतं, तर त्याची अद्भुत निर्मिती नीट निरखण्यातून.

शून्यांश

रामबाम यांचा दाखला उत्तम. हे भाष्य सोयीचं वाटतं, मूळ वचन कठोरच आहे असं मला वाटतं. पण परंपरा अशीच जगते, हेही खरं.

बीरशेबाकर

सह्यकडा, रानजाई, दोघांचंही मनापासून कौतुक. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातली. माझा जन्म मुंबईचा, घरचं मूळ गाव रायगडात, आणि आता बरीच वर्षं इस्राएलमध्ये बीरशेबाला आहे. आमच्या घरी अजून मराठीच चालते. तुमच्या चर्चेत कोकणचा खडक यायला हवा म्हणून लिहितेय.

आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि वाचलेली मोजकी माणसं किनाऱ्याला लागली, अशी आमची कथा. ती किनाऱ्यावर बेशुद्ध पडली होती, तेव्हा एलियाहू हानाबीनं, म्हणजे बायबलमधल्या एलीया संदेष्ट्यानं, येऊन त्यांना उठवलं आणि सांगितलं की या भूमीत तुमची वाढ होईल. अलिबागजवळ खंडाळ्याच्या बाजूला एक मोठा खडक आहे. त्यावरच्या खुणा म्हणजे त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या, तिथूनच तो स्वर्गात गेला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नवस बोलायला आणि फेडायला लोक तिथे जातात. शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, तू बिश्वातला, ‘एलियाहू हानाबीचा उरूस’. जगभरचे यहुदी त्या दिवशी झाडांचं नवं वर्ष पाळतात, आमच्याकडे त्याला एलियाहूची जोड मिळाली.

त्या दिवशी मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, खोवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते. ताटाच्या मध्ये पोह्यांचा ढीग, भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. ‘एलियाहू हानाबी’ हे हिब्रू गीत सगळे मिळून म्हणतात, मग एकेका गोष्टीवर आशीर्वाद. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीच्या फळाचा वेगळा, सुगंधाचा वेगळा. लहानपणी आम्हा मुलांची परीक्षा केळ्यावर घ्यायचे. केळं हातात दिलं की सगळी मुलं झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणायला लागायची आणि आजी थांबवायची. केळ हे धर्मशास्त्राच्या दृष्टीनं झाड नाही. एकदा घड दिला की ते खोड संपतं, पुढचं फळ नव्या फुटव्याला येतं. म्हणून आशीर्वाद जमिनीच्या फळाचा. परसात केळी असलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, त्यानं घड उतरवून खोड स्वतः तोडलेलं असतं. खाण्याआधी हे आठवावं लागतं, म्हणजे ते फळ कसं वाढलं हे ठाऊक असावं लागतं. नाख्मन मला खूप नंतर कळले. पण निसर्गाकडे धर्मानं कसं बघायचं हे मी त्या ताटासमोर बसून शिकले.

आमच्या जुन्या सणांची मराठी नावंही बघा. रोश हशाना, म्हणजे यहुदी नववर्ष, हा ‘नव्याचा सण’. ‘खिरीचा सण’ नव्या धान्याची खीर करून साजरा व्हायचा, नारळाच्या दुधातली. आव महिन्याच्या नवमीचा उपास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचं दुःख पाळायचं ते वालाचं बिरडं खाऊन. इथे आल्यावर काही लोकांना हे सगळं अशुद्ध वाटलं. १९६० च्या दशकात तर आमच्या यहुदी असण्यावरच शंका घेतली गेली आणि आमच्या लोकांना जेरुसलेमला धरणं धरावं लागलं. १९६४ साली निकाल आमच्या बाजूनं लागला. मलिदा मात्र आम्ही सोडला नाही. आजही इथे लग्नाआधी मलिदा होतो, मुलगा सैन्यातून सुखरूप परतला की होतो.

सह्यकडा म्हणतात की जागा कायमची पवित्र नसते. पोथीत ते खरं असेल. खंडाळ्याच्या खडकापाशी उभ्या असलेल्या आमच्या बायकांना तुम्ही हे पटवू शकणार नाही.

चौलचा_माड

ताई, काय सुंदर लिहिलंय. आमच्या भागात बेने इस्राएलांसाठी ‘शनिवार तेली’ हे नाव जुनी माणसं अजून घेतात. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. पपईचा आशीर्वाद कुठला हो? तिचंही खोड काही लाकडाचं नसतं.

बीरशेबाकर

पपईवर पंडितांत मतभेद आहेत. बरेच जण जमिनीच्या फळाचा म्हणतात, आम्हीही तोच म्हणतो. 🙂

तळटीप

चर्चा मनापासून वाचली, पण एक गोष्ट बाजूला राहू नये. तू बिश्वातला आज इस्राएलमध्ये शाळांतली मुलं रोपं लावतात. ज्यूइश नॅशनल फंड ही १९०१ साली स्थापन झालेली संस्था हे काम करत आली आणि २४ कोटींहून अधिक झाडं लावल्याचं सांगते. त्यात सुरुवातीच्या काळात एकट्या पाइनचं प्रमाण फार मोठं होतं. एकाच जातीचं जंगल रोगाला आणि आगीला लवकर बळी पडतं. डिसेंबर २०१० मध्ये कार्मेल डोंगरावर वणवा पेटला त्यात ४४ माणसं गेली.

आणि त्याहून गंभीर म्हणजे, यातली काही जंगलं उठवलेल्या पॅलेस्टिनी गावांच्या अवशेषांवर उभी आहेत. कॅनडा पार्कमध्ये सहलीला जाणाऱ्यांच्या पायांखाली इमवास आणि यालू ही १९६७ मध्ये रिकामी केलेली गावं आहेत. ऑलिव्हची झाडं तोडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. फळझाड तोडू नका हे वचन तिथे कुठे जातं? निसर्गातलं पावित्र्य शोधणाऱ्यानं ती जमीन कुणाची होती हे विचारायला नको का?

रानजाई

विचारायलाच हवं. आणि हा प्रश्न विचारणारे रब्बी इस्राएलमध्येच आहेत. ‘रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स’ ही संस्था १९८८ पासून काम करते. ऑलिव्हच्या तोडणीच्या वेळी तिचे स्वयंसेवक पॅलेस्टिनी शेतकऱ्यांसोबत बागेत जातात, कारण त्यांना हुसकावून लावलं जाण्याची भीती असते. माझ्या दृष्टीनं ती प्रार्थनाच आहे, आणि बाल ताश्खितचं पालन आहे.

जमिनीच्या मालकीबद्दल परंपरेचं स्वतःचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात देव म्हणतो, जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही उपरे आणि पाहुणे आहात. त्याच अध्यायात शमिता आहे, दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. पेरायचं नाही, छाटायचं नाही. आपोआप जे उगवेल ते मालक, मजूर, परका आणि जनावरं सगळ्यांसाठी खुलं. मागचं शमिता वर्ष २०२१-२२ मध्ये झालं. आज बहुतेक शेतकरी काही ना काही कायदेशीर वाट काढतात, जमीन तात्पुरती बिगर-यहुद्याला विकल्याचा कागद करतात. पोटाचा प्रश्न आहे, मी त्यांना दोष देणार नाही. पण ती आज्ञा मूळ अर्थानं वाचली तर ‘ही जमीन माझीच’ असं छातीठोक म्हणायला कुणालाच जागा उरत नाही.

तळटीप

उत्तराबद्दल आभार. लेवीयचं ते वाक्य माहीत नव्हतं.

मृण्मयी_देशस्थ

मागे धरमकोटला गेले होते तेव्हा लष्करी सेवा संपवून आलेली इस्राएली मुलंमुली खूप भेटली. अर्ध्या दुकानांच्या पाट्या हिब्रूत. त्यांच्यातली एक रोज पहाटे देवदारांत एकटी जायची. मला वाटलं विपश्यना करत असेल. विचारलं तर म्हणाली, घरी धर्म पाळला नाही, इथे आल्यावर पहिल्यांदा देवाशी बोलावंसं वाटलं, आणि बोलायला लागले तेव्हा कळलं की आमच्याकडे याला नाव आहे. आज या धाग्यामुळे ते नाव मला कळलं.

सह्यकडा

@मृण्मयी_देशस्थ, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. धरमशालेचं या विषयाशी जुनं नातं आहे. ऑक्टोबर १९९० मध्ये दलाई लामांनी यहुदी विद्वानांना आणि रब्बींना तिथे बोलावलं होतं. देश गेल्यावरही दोन हजार वर्षं तुमचा धर्म कसा टिकला, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्या गटात रब्बी झाल्मन शाख्तर-शलोमी (१९२४ ते २०१४) होते. हसिदी परंपरेत घडलेला हा माणूस पुढे अमेरिकेत यहुदी नवजागरणाच्या चळवळीचा पाया घालणारा ठरला. फळ कोशर, म्हणजे धर्मनियमांनुसार खाण्याजोगं, आहे का, यासोबत ते पिकवताना माती आणि मजूर यांचं काय झालं हेही विचारा, असा त्यांचा आग्रह असायचा.

@बीरशेबाकर ताई, खंडाळ्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मला त्यात एक गोष्ट दिसते. बायबलमध्ये एलीया होरेब डोंगरावर जातो. सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, आग येते, आणि प्रत्येक वेळी लिहिलंय की देव त्यात नव्हता. नंतर अगदी हलका, जवळजवळ न ऐकू येणारा आवाज येतो, तेव्हा तो चेहरा झाकून घेतो. ज्या संदेष्ट्यानं वादळात देव नाही हे शिकवलं, त्याच्याच पाऊलखुणा कोकणातल्या लोकांनी खडकावर जपल्या. मला यात विरोध वाटत नाही. तिथे लोक खडकाला नवस बोलत नाहीत, एलियाहूला हाक मारून देवाकडे मागतात, असं तुमच्या लिहिण्यावरून समजलो. बरोबर ना?

बीरशेबाकर

अगदी बरोबर. खडकाला हात जोडले तर आजीनं हातावर मारलं असतं. आशीर्वाद देवाचा, गाणं एलियाहूचं, पोहे सगळ्यांचे.

पाणकोंबडी

एक साधा प्रश्न. एकट्यानं बाहेर जाऊन मोठ्यानं बोलायचं म्हटलं तर तोंडातून शब्दच फुटत नाहीत. नाख्मन यांनी याबद्दल काही सांगितलंय का?

सह्यकडा

हो, सांगितलंय, आणि फार मायेनं सांगितलंय. शब्द फुटत नसतील तर शब्द फुटत नाहीत हेच देवाला सांगा. तेही जमलं नाही तर एकच शब्द धरा, ‘जगाच्या स्वामी’ एवढाच, आणि तोच म्हणत राहा, दिवसेंदिवस. नुसतं तयारीनं जाऊन उभं राहणंही वाया जात नाही. हे सांगणारा माणूस स्वतः निराशेच्या खाईत अनेकदा उतरलेला होता, मुलं गमावलेला होता, आणि ३८व्या वर्षी क्षयानं गेला. १८१० साली, उमानला. शिष्यांनी दुसरा गुरू नेमलाच नाही. दर रोश हशानाला हजारो लोक त्यांच्या थडग्यापाशी जमतात, युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावरही जमले.

नवी_पेठ

उशिरा आलो. ‘यहुदी परंपरेनं डोंगरावर यात्रा भरवली नाही’ या वाक्याला एक पुरवणी जोडतो. एथिओपियातले यहुदी योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसानंतर पन्नासाव्या दिवशी ‘सिग्द’ पाळतात. उपास धरून, स्वच्छ कपडे घालून अख्खा समाज डोंगर चढतो. केस म्हणजे त्यांचे पुरोहित गीझ भाषेतली ‘ओरित’ ही धर्मपोथी वर नेतात, तिचं वाचन होतं, सगळे साष्टांग प्रणाम करतात, सीनायवरचा करार पुन्हा मान्य करतात. दुपारी खाली उतरून जेवतात. २००८ पासून इस्राएलमध्ये ती अधिकृत सुट्टी आहे.

सह्यकडा

@नवी_पेठ, उत्तम पुरवणी. आणि त्यांना तो डोंगर सीनाय असावा लागत नाही. गोंदर भागात गावाजवळ जो उंच, निवांत डोंगर असेल तो चालायचा. आंबोबरचा डोंगर त्यासाठी प्रसिद्ध होता. इस्राएलला आल्यावर त्यांनी जेरुसलेममधल्या अर्मोन हानत्सिवची टेकडी निवडली. त्या दिवशी सकाळी तिथे रंगीत झालरीच्या छत्र्या घेतलेले केस उभे असतात, समोर जुनं शहर दिसतं. सिग्दवर वेगळा धागा काढाल का? प्रार्थनेचा क्रम आणि खाली उतरल्यावरचं जेवण, दोन्हींबद्दल सविस्तर वाचायला आवडेल.